शिवधनुष्य आणि ॲलन की

‘शिवधनुष्य पेलणं’ हा शब्दप्रयोग आपण अप्रेझलपासून लग्नाच्या हॉल बुकिंगपर्यंत कुठेही वापरतो. पण मूळ गोष्ट आठवा. ते धनुष्य मोडलं दोरी चढवून खेचताना, बाणबिण सुटायच्या आधीच! कम्पाउंड आर्चरीच्या नादी लागल्यापासून मला हा तपशील भलताच पटलाय.

नाद लागला २०२३च्या ऑगस्टमध्ये. बर्लिनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये साताऱ्याची १७ वर्षांची अदिती स्वामी जगज्जेती झाली, आणि साताऱ्यातच सराव करणाऱ्या नागपूरच्या ओजस देवतळेने फायनलला १५० पैकी १५० मारले. झालं, माझे रविवार मॉलऐवजी रेंजवर जायला लागले.

आता थोडं टेक्निकल, पण बोअर नाही. साध्या धनुष्याची दोरी उतरवली की त्याचा ताणही उतरतो. ऑफिसातून आल्यावर टाय सैल करावा, तसं. कम्पाउंडला हे सुख नाही. अमेरिकेतल्या मिसुरीच्या हॉलिस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये ज्याचं पेटंट मिळालं, त्या या धनुष्याच्या टोकांना चाकं असतात, म्हणजे कॅम. त्यांच्यामुळे पूर्ण खेचल्यावर हातावरचा भार एकदम कमी होतो, नेम धरायला निवांत वेळ मिळतो. पण त्याचे दोन्ही लिंब, म्हणजे वाकणारे हात, कायम ताणलेले असतात. खुंटीवर टांगलेलं असतानासुद्धा! दोरी कापली, तर तो सगळा ताण क्षणात सुटतो. मग डोळा, बोटं, काहीही जाऊ शकतं.

आमच्या रेंजवरच्या एका ज्युनिअर मुलीच्या दोरीचे धागे तुटायला लागले होते. सिलेक्शन चार दिवसांवर. मोठी बो-प्रेस दुसऱ्या शहरात. कुणीतरी सुचवलं, ‘‘दोघं धरून दाबू ना, तिसरा पटकन दोरी काढेल.’’ आमचे दादा एवढंच म्हणाले, ‘‘हात लावू नकोस.’’ आणि सॅकमधून पोर्टेबल प्रेस काढली.

दिसायला अगदीच किरकोळ वस्तू. एक पोलादी तार, दोन आकडे, मध्ये एक स्क्रू. दादांनी आधी गॉगल लावला. मग लिंबवरून कापसाचा बोळा फिरवला. चीर असेल तर कापूस अडकतो, आणि चिरलेला लिंब प्रेसमध्ये घालायचाच नाही. मग मॅन्युअल उघडलं. (हो, ते वाचायचं असतं.) काही नव्या धनुष्यांचे लिंब इतके आडवे असतात, की त्यांच्यावर असले आकडे घसरतात. कंपनी नाही म्हणत असेल तर विषय संपला. हिच्या धनुष्याला परवानगी होती. मॅन्युअलमध्ये दिलेत तेवढेच आटे, दोन्ही बोल्टचे अगदी सारखे सैल केले. आकडे दोन्ही टोकांना एकाच जागी बसवले, तार कुठे कॅमला घासत नाही ना ते पाहिलं, आणि ॲलन कीने स्क्रू फिरवायला सुरुवात केली.

फिरवला, थांबले, दोन्ही लिंब सारखे वाकताहेत का बघितलं. पुन्हा फिरवला. चेहरा कायम बाजूला. मला तर डेडलाइनलासुद्धा इतका पेशन्स नसतो. दोरी लोंबायला लागली त्याच क्षणी ते थांबले. ‘‘आणखी दाबलंस तर दोरी नाही, लिंब बदलावा लागेल,’’ म्हणाले.

दोरी बदलली. सोडतानाही तीच गोगलगाय. दोरी कॅमच्या खाचेत नीट बसलीय, हे दोन्हीकडे तपासल्याशिवाय आकडे निघाले नाहीत. बोल्ट मोजून परत आवळले. मुलगी लगेच रिकामंच खेचून बघायला गेली, तर तिला दादांचा दुसरा ओरडा बसला. बाणाशिवाय दोरी सुटली, की बाणाने न्यायची ती ताकद धनुष्यातच फिरते आणि धनुष्य फुटू शकतं. पहिला खेच बाण लावून, टार्गेटकडे तोंड करून, अगदी जवळून.

नवी दोरी सुरुवातीला जराशी ताणते. त्यामुळे पीप थोडं फिरलं होतं, साइटही पुन्हा लावायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ती रेंजवर हजर होती, आणि सिलेक्शनला अजून तीन दिवस होते.