ओढा कुठं वळतो

राळेगणसिद्धीचा नकाशा मी पहिल्यांदा काढला तो रांगोळीनं. साल १९९४, कॉलेजचं शिबिर. दिवसभर शिवारफेरी झाली होती. माथ्यावरचे समतल चर, खाली नालाबंडिंग, पायथ्याला पाझर तलाव. १९७५ मध्ये अण्णा हजारे फौजेतून गावी परतले, मग श्रमदानातून गळका तलाव दुरुस्त झाला, वर्षाकाठी पडणारा जेमतेम चारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस शिवारातच अडवला गेला, हे सगळं ऐकून झालं होतं. संध्याकाळी मोकळ्या जागेत उकिडवे बसून आम्ही गाव काढू लागलो. डोंगराला विटेची भुकटी, पाण्याला नीळ, शेतांना हळद. हळद आचाऱ्याकडून ढापलेली. दुसऱ्या दिवशीच्या पिठल्याचा रंग बघून ते सगळ्यांना कळलं. एक म्हातारबा काठी टेकत आले, बराच वेळ बघत राहिले. "वढा असा नाय वळत रं पोरांनो," म्हणाले, आणि अंगठ्यानं नीळ पुसून पायानंच नवा वळसा काढून निघून गेले.

शिबिराहून परतल्यावर तोच नकाशा मी संगणकावर टर्बो सीमध्ये काढायला घेतला. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' उशाशी, आणि लॅबमध्ये आठवड्यातून दोन तास. पडदा चित्रासाठी उघडणाऱ्या इनिटग्राफला फाइलचा रस्ता चुकीचा दिला की पडदा काळा आणि एका ओळीचा टोमणा. बरोबर दिला की ६४० बाय ४८० ठिपके, सोळा रंग. ३,०७,२०० ठिपक्यांचं शिवार, आणि त्यात मी एकटाच गडी. डोंगर, ओढा, तलाव दोन दिवसांत झाले. पुढचे दोन महिने गेले बटणांत. हो, बटणांत! वरची नि डावी कड पांढरी, खालची नि उजवी करडी, म्हणजे ते उठून दिसतं. दाबलं की रंगांची अदलाबदल. माऊसचा बाण चित्र काढण्याआधी लपवायचा, नाहीतर त्याचा डाग मागे राहतो. गावाचं नावही रेघांनीच लिहिलं. एकट्या 'द्ध'ला अकरा रेघा लागल्या. त्या अकरा रेघांचा मला ओढ्यापेक्षा जास्त अभिमान होता, हे आज कबूल करायला हरकत नाही.

आता बटण काढत नाही, मागतो. क्यूटी या तयार बटणं देणाऱ्या टूलकिटची क्यूएमएल ही भाषा २०१० मध्ये आली, आणि वाण्याला यादी द्यावी तसं लिहायचं झालं: इथं एक बटण, त्याची रुंदी खिडकीच्या निम्मी, नकाशा हलत असेल तेव्हा मंद. खिडकी ताणली की बटण आपोआप ताणलं जातं. कसं, ते आपण सांगायचं नाही. फ्लटर, कंपोज, स्विफ्टयूआय, सगळ्यांची रीत थोड्याफार फरकानं हीच. पण डोंगर यादीत मागता येत नाही. समपातळी रेषा स्वतःच काढाव्या लागतात, ग्राफिक्स कार्डाशी थेट बोलून. क्यूफील्ड हे शिवारात न्यायचं नकाशाचं अॅप बघा. आजूबाजूची बटणं क्यूएमएलची, मधला नकाशा मात्र क्यूजीआयएसचं इंजिन रंगवतं.

खरी गंमत या दोघांच्या बांधावर आहे. बांधाची भांडणं कुठल्याही गावाला नवी नाहीत. आपलं चित्र टूलकिटच्या आधी रंगवलं तर ते तळाशी राहतं, बटणं वर. नंतर रंगवलं तर ते सगळ्यांच्या डोक्यावर बसतं. दोन बटणांच्या मधोमध हवं असेल तर आधी बाजूला एका चित्रपटलावर काढून घ्यायचं आणि ते पटल टूलकिटच्या हाती द्यायचं. पाणलोटाचं काम माथा ते पायथा करतात. पडदा रंगवायचा असतो पायथा ते माथा. हे डोक्यात बसायला मला जितका वेळ लागला, त्यात नापासांच्या शाळेसाठी प्रसिद्ध असलेल्या राळेगणनं मला नक्की प्रवेश दिला असता.

आणि नावं! नकाशावर अक्षरं मी एकेक करून स्वतः छापली तेव्हा 'सिद्धी'तली ऱ्हस्व वेलांटी 'स'च्या नंतर जाऊन बसली आणि 'द्ध'चा पाय मोडला. साठवताना ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर येते, दिसताना आधी. हे शहाणपण टूलकिटच्या मजकुरात असतं, ग्राफिक्स कार्डाला दिलेल्या माझ्या त्रिकोणांत नव्हतं. म्हणून नावं टूलकिटकडे सोपवली. तर नकाशा सरकवला की नावं क्षणभर मागे रेंगाळत, ओढ्याचं नाव शेजारच्या शेतात. याद्या सांभाळणारा धागा (थ्रेड) वेगळा, रंगवणारा वेगळा. नकाशा एकाच्या हिशेबानं सरकत होता, नावं दुसऱ्याच्या. क्यूटीत दर फ्रेमला एक क्षण असा येतो की पहिला धागा थांबून राहतो आणि दुसरा त्याच्याकडून माहिती उतरवून घेतो. नकाशाची जागा त्याच क्षणी उचलली, तेव्हा नावं जागेवर बसली. अकरा रेघांचा 'द्ध' निदान पळत तरी नव्हता.

मागच्या पावसाळ्यानंतर टॅब्लेट घेऊन पुन्हा राळेगणच्या शिवारात गेलो. उंचीची आकडेवारी फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातल्या रडारनं मोजलेली, ३० मीटरच्या चौकटींत. चर त्यात दिसतच नाहीत, बांध बुडतात, आणि ओढाही अंदाजानंच वळतो. मी मात्र समपातळी रेषा कशा गुळगुळीत झाल्यात, या कौतुकात. बांधावर खुरपं घेऊन बसलेल्या एका ताईंना दाखवलं. त्यांनी नकाशाकडे बघितलं, समोर बघितलं.

"दादा, हे निळं चुकलंय. वढा त्या बाभळीपासून वळतो."

त्यांनी बोट ठेवून रेघ ओढायला सुरुवात केली, तर अख्खं राळेगणच बोटाबरोबर सरकलं. त्या हसल्या. मी कोपऱ्यातलं 'दुरुस्ती'चं बटण दाबलं आणि टॅब्लेट त्यांच्या हातात दिला.