टॅपेटची टिकटिक

गाडी पद्मिनी, १९८५ ची. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की बॉनेटखालून एक टिकटिक येते. एकसारखी, थोडी कोरडी. शेजारचे म्हणाले, "फियाटच ती, टॅपेट वाजणारच." मला ते पटलं नाही. आठ टॅपेटांपैकी नेमकं कोण बोलतंय, हे कळायलाच हवं.

कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर एक व्हॉल्व्ह ४०० वेळा उघडतो. म्हणून टॅपेटचा आवाज इंजिनाच्या मानाने संथ वाटतो. ॲक्सिलरेटर दाबला की त्याचा वेग त्याच प्रमाणात वाढतो.

फसवणारे आवाज बरेच. पेट्रोल पंप कॅमशाफ्टवरच चालतो, त्यामुळे त्याची टकटकही त्याच तालात. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून गॅस निसटत असेल तर हुबेहूब टॅपेटसारखं वाजतं, आणि लोखंड तापून पसरलं की बंद होतं! थंडीतली टिक गरम झाल्यावर गेली, म्हणून टॅपेटवर आळ घेऊ नये.

खात्रीसाठी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला लावली आणि टोक टॅपेट कव्हरवर एकेका जागी टेकवत गेले. कव्हरच्या मागच्या भागाशी थांबले. मग एकेका प्लगची वायर काढून पाहिली. बेअरिंगचा ठोका असता तर त्या सिलेंडरवरचा भार जाताच तो मऊ पडला असता. इथे इंजिन डळमळलं, टिक मात्र तशीच राहिली. म्हणजे दुखणं वरच्या मजल्यावरचं.

कव्हर उघडून, इंजिन चालू ठेवून, फिलर गेजची पाती रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यामध्ये सरकवायची. जिथे आवाज थांबतो, तिथे गॅप जास्त. तेल उडतं, शर्ट जातो. तिसऱ्या सिलेंडरच्या एक्झॉस्टवर पाती जाताच टिक बसली.

गॅप मोजला तर पुस्तकाप्रमाणे बरोबर! मी चक्रावलो. मिस्त्रींनी रॉकर काढून टोक उजेडात धरलं. दांड्याने वर्षानुवर्षं ठोकून तिथे छोटा खळगा पाडला होता. सपाट पाती खळग्याच्या दोन कडांवर टेकते, खालची पोकळी तिला मोजताच येत नाही. पाती बरोबर बोलली, पण अर्धंच. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर दोन रविवार वाचले असते.

रॉकरचं टोक घासून गुळगुळीत केलं आणि पुन्हा बसवलं. सेटिंगसाठी गाडी चौथ्या गियरमध्ये टाकून, प्लग काढून हळूहळू ढकलायची. चौथ्या सिलेंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलू लागले (एक मिटतोय, दुसरा उघडतोय) की पहिल्याचे सेट करायचे. दुसऱ्या-तिसऱ्याची जोडीही तशीच. नट आवळताना स्क्रू फिरतो, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा पाती घालून बघायची. हे टाळणारा कारागीर घाईतला समजावा.

थोडा आवाज राहिलाच. मी म्हटलं, अजून जरा कमी करूया. मिस्त्रींनी हात धरला. गॅप संपला तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः सीटमधून हेडमध्ये उतरते. तो सीटवर टेकलाच नाही तर कड जळते, कॉम्प्रेशन जातं, आणि हे सगळं मुकाट्याने होतं. आवाज करणारा व्हॉल्व्ह निदान सांगतो तरी. मला घट्ट बसवलेल्या, गप्प टॅपेटची आता खरी भीती वाटते.

रॉकर शाफ्टपर्यंत तेल पोहोचतंय का, हेही कव्हर उघडं असतानाच पाहिलं. पोहोचतंय, पण सुरुवातीला सावकाश. पहिले थेंब यायला जरा वेळ लागतो.

आठही गॅप वहीत लिहिले, तारखेसह. तिसऱ्या एक्झॉस्टपुढे पेन्सिलीने खूण. हजार किलोमीटरनंतर तोच आधी मोजायचा.