ठेका उरला, कथा गळली

गेल्या वैशाखात एका लग्नाच्या निमित्ताने आम्ही हिंगोली जिल्ह्यातील सेनगावी गेलो होतो. हळद शिजवून, वाळवून झाली होती आणि गावात वरातींची दाटी होती. आमचीही वरात निघाली. ट्रॉलीवर रचलेल्या डीजेच्या भिंतीतून ‘झिंगाट’ सुरू झाले, आणि साठी ओलांडलेले आम्हीही गुडघ्यांचे दुखणे विसरून नाचलो.

खरे म्हणजे ते कुणीतरी केलेले रिमिक्स होते. मूळ गाणे नागराज मंजुळे यांच्या, २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘सैराट’मधले, अजय-अतुल यांनी रचलेले आणि गायिलेले. २०१७ साली ‘मनसु मल्लिगे’ ह्या कन्नड आणि २०१८ साली ‘धडक’ ह्या हिंदी चित्रपटात ते नव्या शब्दांनिशी अवतरले. डीजेवाल्यांच्या आवृत्त्यांना तर गणतीच नाही. रिमिक्सचे तंत्र असे की लय वाढवावी, ठोका जड करावा, एखादा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवावा. नाचायला जे लागत नाही, ते आपोआप गळून पडते.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. मँचेस्टरच्या एका वाद्यवृंदाचा गायक इयान कर्टिस याने मे १९८० मध्ये आत्महत्या केली. उरलेल्या सोबत्यांनी ‘न्यू ऑर्डर’ हे नाव घेतले आणि १९८३ साली ‘ब्लू मंडे’ ही साडेसात मिनिटांची बारा इंची तबकडी काढली. १९८८ आणि १९९५ साली तिची रिमिक्स निघाली. जगभरचे तरुण तिच्यावर नाचले. त्या ठेक्यामागे उभ्या असलेल्या मृत्यूची आठवण त्यांतल्या किती जणांना असेल?

रात्री दहाला, कायद्याप्रमाणे, डीजे थांबला. कान अजून गुणगुणत होते. शेजारी बसलेली आमची भाची हळूच म्हणाली, “मामा, तुम्ही तो सिनेमा पाहिला होता ना? शेवट आठवतो?”

आम्हांस तो आठवत होता. जातीबाहेर लग्न केले म्हणून घरातच मारले गेलेले ते जोडपे, आणि रक्तात भिजलेल्या पावलांनी बाहेर पडणारे त्यांचे लेकरू. त्याच चित्रपटातील गाण्यावर आम्ही जात, पोटजात पारखून ठरविलेल्या लग्नात नाचलो होतो!

भाचीच्या प्रश्नाचा रोख आमच्या ध्यानी आला. दोन वर्षांपूर्वी तिने दुसऱ्या जातीतील एका मुलाचे नाव घरी सांगितले होते. त्या बैठकीत वडीलधारे म्हणून आम्हीही होतो. आम्ही कुणाला दुखविले नाही, आवाज चढविला नाही. केवळ गप्प बसलो. दाजींनी नकार दिला आणि आमचे मौन त्या नकाराच्या बाजूने मोजले गेले. तो मुलगा अद्याप थांबला आहे, हे त्या रात्री आम्हांस प्रथम कळले.

तेव्हा जाणवले की, रिमिक्स केवळ डीजेवालेच करीत नाहीत. सोयीचे तेवढे ठेवून नको ते गाळण्याची कला आम्हांसही चांगली साधली आहे.

दुसऱ्या दिवशी मांडव उतरत असता आम्ही दाजींपाशी जाऊन बसलो आणि तो विषय काढला. त्यांनी चहा मागविला, बराच वेळ रस्त्याकडे पाहिले, आणि “विचार करू” एवढेच म्हणाले. उत्तर अद्याप आलेले नाही. पुढल्या महिन्यात आम्ही पुन्हा सेनगावी जाणार आहोत.