नकाशावर पाऊस पडत नाही

'एम्पायर: टोटल वॉर' या खेळात मराठ्यांची बाजू घेतली की पडद्यावर साल उमटतं १७००. राजधानी सातारा. मुघलांशी युद्ध आधीपासूनच पेटलेलं. उत्तरेकडे नजर टाकावी तर नकाशा जवळजवळ सगळा त्यांच्याच रंगात. इंग्लंडातल्या क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीनं मार्च २००९मध्ये हा खेळ आणला, तेव्हा त्यात खेळायला मिळणारी हिंदुस्थानी सत्ता एकच होती, ती म्हणजे मराठे. ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया, रशिया यांच्या रांगेत आपलं नाव बघून पुण्यातल्या आमच्या भाड्याच्या खोलीत इतका आरडाओरडा झाला, की घरमालकांना जिना चढून वर यावं लागलं. मग आम्ही खेळायला बसलो, आणि थोड्याच वेळात खोली आपोआप शांत झाली.

कारण ही सुरुवात अवघड आहे. खेळ चालींचा. आपण सैन्य हलवायचं, कर ठरवायचे, भरती करायची आणि चाल संपवायची. मग संगणक बाकी सगळ्या राजांच्या चाली खेळणार. लढाई मात्र वेगळी, ती समोरासमोर, घड्याळाच्या गतीनं. वर्षाला दोन चाली, आणि डाव १७९९पर्यंत. एवढं शतक हाताशी असताना घाई कशाला, असं वाटतं. पण नवखा माणूस पहिल्याच चालीत मुघलांवर तुटून पडायला निघतो. पाठीमागे सातारा उघडा पडतो, फौजेचा खर्च दर चालीला तिजोरी खातो, जिंकलेला प्रदेश बंड करतो, आणि बाजीराव पेशवे व्हायचे दिवस येईपर्यंत राज्य संपलेलं असतं.

अशा सुरुवातीची आणि माझी ओळख त्याच्या कितीतरी आधीची, बिलोलीतली. आमच्या ओट्यावर आजोबांनी, म्हणजे आबांनी, कोळशानं वाघ-बकरीचा पट आखलेला असायचा. तीन वाघ म्हणजे तीन खडे आणि पंधरा बकऱ्या म्हणजे पंधरा चिंचोके. बिलोली म्हणजे नांदेड जिल्ह्याचं टोक. मांजरा ओलांडून थोडं पुढं गेलं की तेलुगू मुलूख लागतो. कापूस वेचायला तिकडून येणाऱ्या मजुरांनाही हा खेळ पाठ होता. त्यांच्यातला एखादा दुपारच्या सुट्टीत ओट्याशी येऊन बसायचा, आबा आणि तो एकमेकांची भाषा अर्धीमुर्धी बोलत डाव मांडायचे, आणि भांडायची वेळ आली की दोघंही आपापल्या भाषेत भांडायचे.

या खेळाची गंमत अशी, की वाघ पहिल्या चालीपासून मोकळे असतात. बकऱ्या मात्र एकेक करून पटावर ठेवायच्या, आणि सगळ्या पंधरा बसल्याशिवाय एकीलाही हलवता येत नाही. वाघ बकरीवरून पलीकडच्या रिकाम्या घरात उडी मारतो आणि तिला उचलतो. म्हणजे निम्मा डाव होईपर्यंत बकरीवाल्यानं नुसता मार खायचा. मी मध्यावर बकऱ्या ठेवायचो, कारण मध्यावरून सगळीकडे जाता येतं. आबा कडेला ठेवायचे. कडेच्या बकरीमागं घरच नसतं, तर वाघ उडी मारून पडणार कुठं? मग दुसरी बकरी पहिलीला चिकटून, मग तिसरी. दोन-तीन तरी जायच्याच. "एकांदी द्यावंच लागते," ते म्हणायचे, "पर कोणची द्याची ते आपुन ठरवाचं, वाघानं नाही." पंधरावी बकरी पटावर बसली की ते मिशीवरून हात फिरवायचे. तिथून पुढं वाघांची कोंडी सुरू व्हायची, आणि ती बघण्यासारखी असायची.

मधला काळ थोडक्यात सांगतो. गावात एमएस-सीआयटीचे वर्ग निघाले, त्यातल्या एका संगणकात कुणीतरी 'सिव्हिलायझेशन' हा सिड मायर यांचा खेळ भरून ठेवला होता. तिथं सुरुवात एक गाव वसवण्याइतक्या माणसांनी व्हायची, चहूकडे काळोख आणि त्या काळोखातून रानटी टोळ्या. पण त्या काळात खरा शत्रू होता भारनियमन. वीज गेली की पाच हजार वर्षांची संस्कृती एका क्षणात गुडूप. त्यामुळे दर दोन-चार चालींनी डाव साठवून ठेवायची सवय लागली, ती नोकरीतही उपयोगी पडते. त्याच खेळातल्या गांधीजींची एक कथा जगभर फिरते: आकडेमोडीतल्या चुकीमुळे ते एकाएकी अणुबॉम्ब टाकत सुटायचे म्हणे. सिड मायर यांनी २०२०च्या आत्मचरित्रात ती चूक मुळात नव्हतीच असं सांगून टाकलं. कथा काही थांबली नाही.

परत १७००कडे येतो. पुण्यातल्या त्या खोलीत, राज्यं गमावून गमावून, मी अखेर आबांसारखा खेळू लागलो. फौज शहराच्या आत घ्यायची. मैदानात कुणाला भेटायला जायचं नाही. परवडत नाहीत त्या पलटणी मोडायच्या. गोव्यात पोर्तुगीज आहेत, सिलोनमध्ये डच, त्यांच्याशी नडायचं नाही. उलट त्यांच्याशी व्यापाराचे करार करायचे आणि चार गलबतं दूर मादागास्करच्या बाजूला पाठवायची, कारण हस्तिदंताचे पैसे तिथून येतात. नवा प्रदेश हाती आला तर तिथले कर काही काळ माफ करायचे. खेळात तशी सोय आहे, आणि ती न वापरणारा पस्तावतो. एवढं केलं की पहिली पाचसहा वर्षं निघतात, आणि ती निघाली की मराठ्यांना थोपवणं संगणकाला जड जातं.

हे जमायला लागलं तेव्हा खरं काय घडलं होतं ते वाचावंसं वाटलं. शाळेत हा भाग आम्ही दोन पानांत उरकला होता. १६८९मध्ये संभाजी महाराजांची हत्या, रायगड गेला, येसूबाई आणि लहान शाहू कैदेत. राजाराम महाराज थेट जिंजीला. तिथं वर्षानुवर्षं वेढा. १६९८मध्ये जिंजी पडली तेव्हा ते महाराष्ट्रात परतले आणि साताऱ्याला राजधानी केली. म्हणजे खेळातली राजधानी बरोबर आहे. पण १७००च्या मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले, आणि एप्रिलमध्ये सातारा औरंगजेबाच्या हाती गेला. म्हणजे खेळातली पहिली चाल संपायच्या आत राजाही नाही आणि राजधानीही नाही. गादीवर चार वर्षांचंही नसलेलं पोर आणि कारभार पाहायला त्याची पंचवीस वर्षांची आई, हंबीरराव मोहित्यांची लेक ताराबाई.

खेळात इथं डाव संपतो. एका प्रदेशाला एक राजधानी, ती पडली की प्रदेश पडला, असा त्याचा हिशेब आहे. ताराबाईंनी आणि त्यांच्या बाजूच्या रामचंद्रपंत अमात्यांनी, परशुराम त्रिंबकांनी, धनाजी जाधवांनी हा हिशेबच मानला नाही. पन्हाळा १७०१मध्ये गेला, विशाळगड १७०२मध्ये, सिंहगड १७०३मध्ये, राजगड आणि तोरणा १७०४मध्ये. यातला तोरणा काय तो लढून गेला. बाकीचे वेढे बहुतेक पैशावर मिटले. महिनोन्‌महिने बादशहाला किल्ल्याखाली बसवून ठेवायचं, त्याचा पैसा, बारूद, जनावरं खर्ची पाडायची, पावसाळा तोंडावर आला की रक्कम घेऊन किल्ला द्यायचा आणि बादशहा पुढच्या किल्ल्याला लागला की मागचा परत घ्यायचा. विशाळगडाला तर दोन लाख रुपये मिळाले. दरम्यान धनाजी, नेमाजी शिंदे यांच्या तुकड्या माळवा-गुजरातपर्यंत धावत होत्या. बकरी कोणती द्यायची ते इथंही बकरीवाल्यानंच ठरवलं होतं.

पण या युक्तीला लागणारी एक गोष्ट खेळात नाही, आणि तिच्याकडे माझं लक्ष वेधलं वडिलांनी, अण्णांनी.

२०२०च्या टाळेबंदीत मी पुण्याहून घरी आलो होतो. दिवसा कंपनीचं काम, रात्री पडवीत लॅपटॉपवर जुना डाव. त्या जूनमध्ये मराठवाड्यात सोयाबीनचं बियाणं उगवलंच नाही अशा हजारो तक्रारी झाल्या. त्यातली एक आमची. अण्णांनी पेरलं, पाऊस बरा झाला, आणि रान तसंच काळं राहिलं. दुबार पेरणीसाठी पैसे जुळवायचे ते दिवस. झोप लागत नसली की ते उठून माझ्यामागं येऊन बसायचे. 

"काय करूलालास रे?"

मी सांगितलं. बादशहा, सातारा, चाली. ते बराच वेळ बघत राहिले. उन्हाळ्याची चाल झाली, हिवाळ्याची झाली, परत उन्हाळ्याची आली.

"ह्यात पाऊस कवा येते?"

येतच नाही. लढाईच्या मैदानावर कधीमधी सरी दिसतात, पण मोहिमेच्या नकाशावर वर्षाला दोनच ऋतू, उन्हाळा आणि हिवाळा. रशियात बर्फ पडलेलं दिसतं. कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यात मात्र बारमाही कोरडं.

"मंग तो बादशा दमते कवा?" अण्णा म्हणाले आणि उठून गेले.

औरंगजेबाला दमवलं पावसानं, ही गोष्ट मुघलांच्याच कागदपत्रांत नोंदलेली आहे. १७००च्या ऑक्टोबरात माण नदीकाठी खवासपूरला त्याचा तळ होता. रात्री नदी अचानक चढली, छावणीत पाणी शिरलं, आणि गडबडीत पडून बादशहाचा गुडघा निखळला. ऐंशीच्या घरातला तो माणूस त्यानंतर मरेपर्यंत लंगडत चालला. दरबाऱ्यांनी समजूत काढली, की लंगडा तैमूर आपला पूर्वज, त्याचा वारसा आला. विशाळगडावरून १७०२च्या जूनमध्ये निघालेली फौज पन्हाळ्याला पोचली ती जुलैत. पन्नासेक किलोमीटरच्या वाटेला महिन्याहून जास्त काळ. ओढ्यांत उंट, हत्ती, माणसं गेली. सह्याद्रीच्या पावसात तोफा ओढणं म्हणजे काय ते त्या फौजेला कळलं. मार्च १७०७मध्ये अहमदनगरला औरंगजेब वारला तेव्हा पंचवीस वर्षांच्या दख्खनच्या मोहिमेतून त्याच्या हाती टिकाऊ म्हणावं असं फारसं काही नव्हतं. साताराही तोवर मराठ्यांकडे परत आला होता.

यात मला आणखी एक बोचणारी गोष्ट आहे, ती लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. खेळात शत्रूची शेतं तुडवायची सोय आहे. फौज नेऊन उभी केली की रानातून धूर निघतो आणि त्याचं उत्पन्न थांबतं. कमजोर बाजूला हा डावपेच फार उपयोगी, मीही वापरला. पण नकाशावर मी जो मुलूख जाळत होतो तो आमचाच. नांदेडची बाजू तेव्हा बीदर सुभ्यात, मुघलांच्या अमलाखाली. बिलोलीची मुघलकालीन दगडी मशीद आजही उभी आहे, सरफराज खानाच्या नावाशी जोडलेली. लहानपणी आम्ही तिच्या सावलीत गोट्या खेळलो. त्या मशिदीच्या आजूबाजूच्या कुणब्यांनी १७०० ते १७०७मध्ये सारा बादशहाला दिला असणार आणि चौथ मराठ्यांच्या तुकड्यांना. १७१९मध्ये दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई-सरदेशमुखी शाहू महाराजांना सनदेनं मिळाली, म्हणजे दुहेरी भरणा कायद्यानं पक्का झाला. गनिमी काव्याचं कौतुक करताना हा हिशेब कुणी मांडत नाही. मी पुण्यात होतो तोवर मलाही तो सुचला नव्हता. ताराबाईंचा डाव थोर होता यात शंका नाही. खाफीखानासारखा मुघल पक्षाचा इतिहासकारही त्यांच्या बुद्धीची आणि कारभाराची तारीफ करतो. पण त्या डावात दिलेल्या बकऱ्यांत आमच्यासारखी गावं होती, आणि पटावर ठेवताना त्या गावांना कुणी विचारलं नव्हतं.

खेळात प्रजेची नाराजी दिसते खरी, लाल आकड्यात. धर्म वेगळा, एवढ्यानं आकडा वाढतो. माझ्या गावच्या उरुसाला कोण कोण जातं हे बघितलेल्या माणसाला तो आकडा पटत नाही.

अण्णांची दुबार पेरणी साधली. परतीच्या पावसानं काढणीला आलेल्या शेंगा भिजवल्या, तो भाग निराळा. मी त्या वर्षी डाव १७२०पर्यंत नेला आणि सोडून दिला. तिथून पुढं राज्य इतकं मोठं झालं होतं की चाल करताना जीव वरखाली होईना, आणि नुसतं जिंकत बसण्यात मला रस नाही.

आता पुण्या-मुंबईत, नाशकात, अगदी नांदेडातही खेळ बनवणारी तरुण मंडळी आहेत. इतिहासावरच्या खेळांची त्यांना हौस आहे, आणि त्यांची जाहिरात बहुधा तलवारीनं सुरू होते. त्यांच्याकडे एवढंच मागणं आहे. १७००चा डाव मांडा, पण वर्षाला तीन चाली द्या. मधली पावसाळ्याची ठेवा. त्या चालीत तोफ हलू देऊ नका, नद्या उतरू देऊ नका, किल्ला पैसे घेऊन सोडायची मुभा द्या. आणि फौज ज्या रानातून जाईल तिथं गावाचं नाव लिहा, बिलोली असेल तर बिलोली.