पेटी उतरलेली नव्हती

"पेटी उतरली असेल." आमच्या डोंबिवलीच्या घरात हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो. बाबा माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'ची पहिली बाजू लावायचे, पेटी पुढ्यात ओढायचे, 'सो व्हॉट'बरोबर पांढरी दोनमध्ये सूर धरायचे आणि दोनेक मिनिटांत भाता बंद करून हे वाक्य म्हणायचे. मग तबकडी उलटवायचे. दुसऱ्या बाजूच्या 'ऑल ब्लूज'ला मात्र पांढरी पाचचा खमाज थाट बिनतक्रार बसायचा.

बाबा बँकेत होते, संध्याकाळी भजनी मंडळात पेटी वाजवायचे. १९७८ साली एका मित्राने त्यांना मुंबईत रंगभवनला, पहिल्या जॅझ यात्रेला ओढून नेलं. त्यानंतर वर्षभरात चोर बाजारात ही तबकडी सापडली: १९५९ची अमेरिकन, लाल लेबलावर कोलंबियाचे सहा डोळे. 'सो व्हॉट' ऐकून ते आईला म्हणाले होते, "अगं, हा तर काफी!" चूक नव्हतं ते. थाट काफीचाच आहे, फक्त मधली आठ मात्रागटं सगळा डोलारा अर्धा स्वर वर, काळी दोनवर जातो आणि परत येतो. हे त्यांनी कानाने शोधलं होतं. पण सूर मिळेना. दोनदा त्यांनी पेटीचे सूर मिळवून आणले. दुसऱ्यांदा कारागीर म्हणाला, पेटीत काही खोट नाही, काका. तेव्हापासून दोष कानाकडे गेला. "माझा कान जरा कच्चाच," असं ते गणपतीत साथीला बसतानाही आधीच सांगून टाकत.

मागच्या वर्षी ती तबकडी मी हातातल्या बॅगेत घालून दोह्याला आणली. (इथे जुलैत गाडीत तबकडी विसरलात तर संध्याकाळी तिचा पापड काढायचा.) सोबत तिचीच नवी आवृत्ती मागवली, कारण मूळ प्रेसिंगसमोर नवं काही टिकत नाही, हे सगळे शौकीन सांगतात ते मला एकदा स्वतः तपासायचं होतं. प्रयोगशाळेतली सवय. दोन्ही तबकड्या धुतल्या, एकच सुई, आवाजाची पातळी फोनवर मोजून सारखी केली. हे महत्त्वाचं, कारण किंचित मोठ्याने वाजणारं आपल्याला नेहमी चांगलंच वाटतं. मी भिंतीकडे तोंड करून बसलो, तबकड्या बायको बदलत होती. खरं तर ओळखायला कष्ट नव्हते, जुनीची खरखरच सांगत होती कोण आहे ते.

पॉल चेंबर्सचा बास जुनीवर जास्त भरीव वाटला. माइल्सचा एकल भाग सुरू होताना जिमी कॉब जी झांज वाजवतो, तिची आस नवीवर लांबपर्यंत ऐकू येते. 'ब्लू इन ग्रीन'मध्ये तर जुनी हरतेच. तबकडीच्या आतल्या वळणांवर सुईखालून खाच हळू सरकते, तिथे बारीक तपशील मुळात कमी मावतो आणि झीज आधी जाणवते. माइल्सचा म्यूट लावलेला ट्रम्पेट तिथे फाटतो.

तरीही नवीची पहिली बाजू मला सुस्त वाटली. कुठेतरी जीव कमी. बायको म्हणाली, "हळू वाजतंय का?" टर्नटेबलचा वेग तपासला, बरोबर होता. दुसऱ्या बाजूला दोन्ही तबकड्या सारख्याच वेगाने चालत होत्या. फरक फक्त पहिल्या बाजूचा.

मग वाचत बसलो. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना २ मार्च १९५९ला न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाच्या ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाल्या. त्या दिवशी मुख्य टेप मशीन किंचित हळू चालत होतं. हळू भरलेली टेप नीट वेगाने वाजवली की संगीत जलद होतं आणि चढतं. पुढच्या पट्टीत जाण्याइतकं नव्हे, पण पेटीला नकोसं वाटेल इतकं नक्की. दुसरी बाजू २२ एप्रिलची, तेव्हा वेग ठीक होता. सुदैवाने मार्चमध्ये राखीव म्हणून दुसरंही मशीन चालू होतं आणि त्याचा वेग बरोबर होता. ती टेप वापरून चूक दुरुस्त झाली ती १९९२च्या आवृत्तीत. म्हणजे तेहेतीस वर्षं जगभर विकली गेलेली पहिली बाजू चढीच होती, आणि ज्या मूळ प्रेसिंगसाठी लोक हजारो रुपये मोजतात ती तर हमखास.

मला सुस्त वाटत होता तो माइल्सचा खरा वेग. चढा सूर ऐकतच मी मोठा झालो होतो.

लगेच बाबांना कळवायचा धीर होईना. चाळीस वर्षं एखादी गोष्ट स्वतःबद्दल मानलेल्या माणसाला हे सांगायचं कसं? शेवटी काही न सांगता नवीचं 'सो व्हॉट' रेकॉर्ड करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं आणि लिहिलं, "पेटी काढा."

दोन तासांनी उत्तर आलं. आधी भात्याचा श्वास, मागे दुसऱ्या फोनवर बारीक आवाजात माइल्स, आणि त्यावर पांढरी दोनचा सा. ते थांबले नाहीत. काळी दोनवर गेले, परत आले. शेवटी बराच वेळ नुसता पंखा ऐकू येत होता.

"अरे, हे काय केलंस तू?" ते म्हणाले. मग मी सगळं लिहून पाठवलं. त्यावर एकच ओळ आली:

"आता जुनी पाठव. किती चढी आहे ते बघू दे मला."