गॅस गेलेली बियर

सोड्यातला गॅस गेला की तो ओतून द्यायचा, एवढंच मला ठाऊक. केगमधल्या बियरचं तसं नसतं, हे ज्ञान मिळायला चौऱ्याहत्तरावं वर्ष उजाडावं लागलं. तेही अमेरिकेत, पोर्टलंडला, मुलाच्या गॅरेजमध्ये!

घरी बियर करायला तिथे १९७८ च्या कायद्यानं मोकळीक दिली. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्याही वर. एवढी पितं कोण, देव जाणे. मला तर त्या गॅरेजात पाऊल टाकायचीही इच्छा नव्हती. माझा थोरला भाऊ दारूपायी गेला, पन्नाशीही न गाठता. त्यानंतर आमच्या घरात हा विषयच बंद होता.

पण बुधवारी मुलगा तोंड पाडून बसला. शनिवारी शेजारी येणार, आणि नळातून आलेली बियर अगदी मिळमिळीत, फेसाचा पत्ता नाही. "आई, ओतून देतो सगळी," म्हणाला. १९ लिटर! मला मास्तरणीची सवय, कारण विचारल्याशिवाय राहवेना.

आंबताना यीस्ट साखर खाऊन गॅस तयार करतं, पण तो बहुतेक उडून जातो. म्हणून केगमध्ये भरल्यावर वरून सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड सोडतात. बियर जितकी गार, तितका गॅस जास्त विरघळतो. याचा केग मात्र उबदार गॅरेजात उभा! शिवाय भरलेला सिलिंडर दोन दिवसांत रिकामा. मग गॅस गेला कुठे? मी वाटीत साबणाचा फेस करून आणला. स्वयंपाकघरात सिलिंडर बदलल्यावर आयुष्यभर हेच तर केलंय. झाकणाच्या कडेला फेस लावला, तर बारीक बुडबुडे फुगायला लागले. आतली रबरी रिंग चिरली होती.

आतला दाब सोडून त्यानं रिंग बदलली, सिलिंडर भरून आणला, केग फ्रिजमध्ये ३-४ अंशांवर गार केला. १२ पौंडांवर (सायकलच्या हवेचे असतात तेच पौंड) गॅस मुरायला आठवडा-दहा दिवस लागतात. तेवढा वेळ कुठे होता? म्हणून एक दिवस ३० पौंडांवर ठेवला आणि मग जादा दाब सोडून १२ वर आणला. नाहीतर ग्लासात नुसता फेसच आला असता.

गुरुवारी रात्री फ्रिजपाशी उभी असताना मी विचारलं, "मामा आठवतो का रे तुला?"

"आठवतो ना. म्हणून तर दोनच्या वर घेत नाही."

भाऊ गेला तेव्हा हा तिसरीत होता. आम्ही त्याच्यासमोर कधी काही बोललो नव्हतो.

शनिवारी ग्लासात बोटभर फेस उभा राहिला, शेजारी वाखाणत होते. मी ताक घेऊन कोपऱ्यात बसले होते, त्याचे ग्लास मोजत. मी मोजतेय हे त्यालाही कळत होतं. दुसरा संपल्यावर त्यानं ग्लास विसळला आणि पालथा घातला.