बाजूला राहण्याचा खर्च

नगरला राहून युद्धापासून अलिप्त राहणं तसं अवघडच. रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र इथलं, रणगाड्यांचं संग्रहालय इथलं, के. के. रेंजवर तोफांचा सराव चालतो तोही इथलाच. याच गावात १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन आलं आणि आमच्यासारख्यांच्या घरात बायबल आलं. पुढं पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी शत्रुराष्ट्रांच्या नागरिकांसाठी नगरला छावणी काढली, तेव्हा जर्मन मिशनरीही तिच्यात डांबले गेले. आत्म्याच्या तारणाविषयी बोलणारी माणसं कैसरची प्रजा म्हणून कुंपणाआड बसली. सरकारनं त्यांचा धर्म विचारला नाही, देश विचारला.

ख्रिस्ती माणसानं राजकारणात पडू नये, हत्यार तर धरूच नये, असं मानणारी एक जुनी धारा आमच्या धर्मात आहे. मला ती ओढते, आणि खटकतेही.

ओढते ती मॅक्सिमिलियनमुळे. साल २९५, ठिकाण उत्तर आफ्रिकेतलं तेबेसा. वय एकवीस. बाप सैन्याशी जोडलेला, म्हणून मुलानं भरती व्हायचंच, असा रोमचा कायदा. डिओन नावाच्या अधिकाऱ्यासमोर त्याची उंची मोजली गेली, पण मी ख्रिस्ती आहे, मला हे जमणार नाही, एवढं एकच त्यानं लावून धरलं. डिओननं बिनतोड मुद्दा काढला: खुद्द सम्राटांच्या रक्षकदलात ख्रिस्ती शिपाई आहेत, त्यांचं कसं चालतं? त्यांचं त्यांना ठाऊक, अशा अर्थाचं उत्तर देऊन पोरगा थांबला. दुसऱ्यांना त्यानं पापी ठरवलं नाही, हे मला त्याच्या नकाराइतकंच मोठं वाटतं. त्याचा शिरच्छेद झाला. भरतीसाठी बापानं नवे कपडे करून ठेवले होते, ते मारेकऱ्याला द्या, असं तो जाताना सांगून गेला.

खटकण्याची कथा लांबलचक आहे. सोळाव्या शतकात स्वित्झर्लंड-जर्मनीकडं अ‍ॅनाबॅप्टिस्ट पंथाचे लोक पुढं आले. १५२७ साली श्लाइटहाइमला त्यांनी ठरवलं की तलवार ही राज्यकर्त्यांची गोष्ट, ख्रिस्ताच्या मंडळीत तिला जागा नाही. हा मसुदा ज्याच्या नावावर सांगतात त्या मिखाएल झाटलरला त्याच वर्षी जाळण्यात आलं. याच परंपरेतले मेनोनाइट अठराव्या शतकाच्या शेवटी रशियाच्या साम्राज्यात, आजच्या दक्षिण युक्रेनमध्ये, जाऊन वसले. राणी कॅथरीनचं आमंत्रण होतं. जमीन मिळाली आणि लष्करी सेवेतून कायमची माफी मिळाली. १८०० साली झार पॉलनं ती सनद लिहूनही दिली. गव्हाची शेतं पिकली, गिरण्या आल्या, मोठे जमीनदार तयार झाले, त्यांच्याकडं युक्रेनी आणि रशियन मजूर राबू लागले. पण ती जमीन काही आभाळातून पडलेली नव्हती. झारच्या फौजांनी ती जिंकली होती, आणि तिथं गुरं चारणारे नोगाय लोक पुढं बहुतेक तुर्कस्तानाकडं निघून गेले. हत्यार न धरणाऱ्यांची वस्ती हत्यारानं मोकळ्या केलेल्या रानात उभी होती.

१८७४ साली सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा आला, तेव्हा हजारोंनी अमेरिका-कॅनडाची वाट धरली. राहिलेल्यांनी सैन्याऐवजी जंगलखात्यात सेवा पत्करली. मग क्रांती झाली, झार गेला आणि सनदेला अर्थ उरला नाही. १९१८ च्या उन्हाळ्यात त्यांची परिषद लिश्टेनाउ गावी भरली. स्वसंरक्षणाला हत्यार घ्यायचं की नाही हे ज्यानं त्यानं आपल्या विवेकानुसार ठरवावं, असं तिथं निघालं. जर्मन फौजेच्या शिकवणीखाली तरुणांच्या तुकड्या उभ्या राहिल्या आणि अराजकवादी बंडखोर माख्नोच्या टोळ्यांशी लढल्या. पुढच्या वर्षी खेडीच्या खेडी लुटली गेली, माणसं मारली गेली, बायकांवर अत्याचार झाले. त्यात जुन्या मजुरांचा रागही मिसळलेला होता. ज्यांनी बंदूक उचलली त्यांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. पण शतकभर त्यांची शांती सांभाळणारा दुसराच कुणीतरी होता, हे त्या एका वर्षात उघडं पडलं.

आता आमच्याकडं वळतो. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांपैकी पुष्कळांची मुळं गावकुसाबाहेरची. जगापासून वेगळं राहा, हा उपदेश आमच्या पूर्वजांना ऐकवणं म्हणजे काय, याचा मी कधीकधी विचार करतो. गावानं त्यांना वेगळंच ठेवलं होतं. ज्या जातीतून आमचे बरेच लोक आले, त्या महारांना कंपनी सरकारच्या पलटणीत जागा होती; १८९० च्या दशकात ती भरती बंद झाली, तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून माजी सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी सरकारला अर्ज लिहिला. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडावं लागलं. या लोकांना पलटण म्हणजे वर्दी, शाळा, पेन्शन आणि नावापुढं हुद्दा. माझे आजोबा महायुद्धात पलटणीत होते. त्यांनी कुणाला मारलं का, हे घरात कुणी विचारलं नाही. त्यांच्या पेन्शनीवर माझे वडील शिकले हे मात्र सगळे सांगतात. सैन्यात जायचं नाही असं ठरवायला आधी सैन्याचं दार उघडं असावं लागतं.

मतदानाचंही तसंच. यहोवाचे साक्षीदार मत देत नाहीत. मला ते पटत नाही. गावकुसाबाहेरच्या माणसाच्या हातात मत यायला किती पिढ्या गेल्या ते आम्हाला ठाऊक आहे. पण याच पंथातल्या केरळमधल्या तीन भावंडांची बाजू मी कुठंही घेईन. राष्ट्रगीत सुरू झालं की ती आदरानं उभी राहत, गात मात्र नसत. १९८५ साली त्यांना शाळेतून काढलं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींनी निकाल दिला: गायलाच हवं असा कायदा नाही, उभं राहण्यात अनादर नाही, मुलांना शाळेत परत घ्या. निकाल उभा होता तो संविधानाच्या एकोणीस आणि पंचवीस या कलमांवर. संविधान लिहिणारी मंडळी राजकारणापासून दूर राहिली असती, तर त्या पोरांच्या गप्प राहण्याला आधार कुठून आला असता?

आमच्या मंडळीतला एक मुलगा सध्या अग्निवीरच्या भरतीची तयारी करतो आहे. पहाटे सोळाशे मीटर धावतो, रविवारी डोळ्यांवर झोप घेऊन उपासनेला येतो. मागं एकदा त्यानं प्रार्थनेची विनंती केली. पाळकसाहेब क्षणभर घुटमळले, मग त्याच्या निवडीसाठी, आणि त्याला कधी कुणावर गोळी झाडावी लागू नये यासाठी, एकाच दमात प्रार्थना करून मोकळे झाले. दोन्हींना मीही आमेन म्हटलं. बाहेर आल्यावर पायरीवर मी त्याला धावायला किती वेळ लागतो ते विचारलं. मॅक्सिमिलियनची गोष्ट ओठांवर आली होती, पण ती त्याची निवड झाल्यावर सांगेन.